फ्रांस्वा कोती

फ्रांस्वा कोती (मूळ नाव : जोसेफ मारी फ्रांस्वा स्पोतुर्नो, जन्म : आजाक्सियो, कॉर्सिका, ३ मे १८७४, मृत्यू : लूवसिएन, फ्रान्स, २५ जुलै १९३४) हे फ्रेंच सुगंधनिर्माते, उद्योजक, वृत्तपत्रांचे मालक आणि राजकारणी होते. आधुनिक सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. अत्तरासारखी चैनीची वस्तू कलात्मक बाटलीत घालून, पण मध्यमवर्गीय स्त्रीला परवडेल अशा किमतीत विकणे ही त्यांची कल्पना होती. तिच्या बळावर ते फ्रान्समधील सर्वांत श्रीमंत व्यक्तींपैकी एक झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात मात्र त्यांनी आपली संपत्ती अतिरेकी उजव्या राजकारणासाठी आणि ज्यूद्वेष पसरविणाऱ्या वृत्तपत्रांसाठी खर्च केली. मृत्यूसमयी या संपत्तीचा फार थोडा भाग त्यांच्या हाती उरला होता. त्यांच्या कंपनीचे नाव इंग्रजी उच्चारानुसार ‘कोटी’ असे रूढ झाले आहे. फ्रेंच उच्चार ‘कोती’ असा आहे.

== बालपण ==

कोती यांचा जन्म भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावर, आजाक्सियो या गावी झाला. नेपोलियन बोनापार्टचे जन्मगावही हेच. स्पोतुर्नो घराण्याचा बोनापार्ट घराण्याशी दूरचा संबंध असल्याचे सांगितले जाई आणि कोती यांना या नात्याचा आयुष्यभर मोठा अभिमान होता. बालपण मात्र हलाखीत गेले. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास ते आईवडिलांना पारखे झाले. प्रथम पणजीने आणि तिच्या पश्चात आजीने त्यांचा सांभाळ केला. आजीबरोबर ते मार्सेय या बंदराच्या शहरी राहिले. शालेय शिक्षण बेताचेच झाले. रसायनशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण तर त्यांना कधीच मिळाले नाही. पुढे सुगंधनिर्मितीत त्यांनी जे काही केले ते तीक्ष्ण घ्राणेंद्रिय आणि स्मरणशक्ती यांच्या बळावर, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

लष्करी सेवेनंतर कॉर्सिकाचेच लोकप्रतिनिधी व लेखक एमान्युएल आरेन यांच्याशी त्यांचा परिचय झाला. आरेन यांनी या तरुणाला पॅरिसला बोलावून आपल्या हाताखाली काम दिले. राजधानीतील राजकारणी, पत्रकार आणि धनिक यांच्या वर्तुळात त्यांचा प्रवेश झाला तो आरेन यांच्यामुळेच. १९०० मध्ये इव्हॉन अलेक्झांद्रिन ल बारों यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला रोलां हा मुलगा आणि क्रिस्तियान ही मुलगी झाली. व्यवसायात उतरताना त्यांनी स्पोतुर्नो हे आडनाव सोडले आणि आईच्या माहेरच्या ‘कोती’ नावाच्या शेवटच्या अक्षराचे लेखन किंचित बदलून ते स्वीकारले. फ्रेंच माणसाच्या जिभेवर सहज रुळणारे आणि लेबलावर नीट बसणारे असे ते नाव होते.

== सुगंधविद्येचे शिक्षण ==

पॅरिसमधील रेमों गोएरी नावाच्या औषधविक्रेत्याशी कोती यांची मैत्री होती. त्या काळी औषधांची दुकाने स्वतःची ‘ओ द कोलोन्य’, म्हणजे लिंबूवर्गीय फळांचा वास असलेले सौम्य सुगंधी पाणी, तयार करून विकत असत. या दुकानात कोती यांनी आपले पहिले मिश्रण तयार केले. आपल्या नाकात काही विशेष आहे याची जाणीव त्यांना येथे झाली.

आरेन यांच्या ओळखीने त्यांना दक्षिण फ्रान्समधील ग्रास या गावी शिरिस यांच्या कारखान्यात शिकण्याची संधी मिळाली. ग्रास हे मूळचे कातडी कमावणाऱ्यांचे गाव. कमावलेल्या कातड्याचा उग्र वास लपविण्यासाठी हातमोजांना सुगंध देण्याची प्रथा तेथे पडली आणि कालांतराने कातडी मागे पडून सुगंधच गावाचा मुख्य व्यवसाय झाला. गावाभोवती मोगऱ्याच्या कुळातील जाई, मे महिन्यात फुलणारा गुलाब, निशिगंध यांची शेती होई. फुलांतून सुगंध काढण्याच्या पद्धती कोती यांनी येथे प्रत्यक्ष पाहिल्या. गुलाबाचे ऊर्ध्वपातन करता येते. परंतु जाई किंवा निशिगंध उष्णता सहन करीत नाहीत. अशी फुले काचेच्या तावदानांवर थापलेल्या शुद्ध चरबीवर पसरीत. चरबी त्यांचा गंध शोषून घेई, दररोज फुले बदलावी लागत आणि शेवटी मद्यार्काने तो गंध चरबीतून वेगळा केला जाई. याखेरीज उडून जाणाऱ्या द्रावकांच्या साहाय्याने अर्क काढण्याची नवी पद्धत शिरिस यांच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर वापरली जात होती. या पद्धतीने मिळणारा अर्क फुलाच्या मूळ वासाच्या फार जवळ जातो.

त्याच सुमारास प्रयोगशाळांतून कृत्रिम गंधद्रव्ये बाहेर पडू लागली होती. १८९३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी शोधलेले आयोनोन हे त्यांपैकी एक. व्हायोलेट फुलांचा दुर्मीळ व महाग वास त्यामुळे स्वस्तात मिळू लागला. प्रतिष्ठित अत्तरवाल्यांपैकी अनेकजण अशा द्रव्यांकडे संशयाने पाहत. त्यांचा एकट्याने वापर केल्यास वास रुक्ष येतो हे खरे होते. कोती यांनी नैसर्गिक अर्काचा गाभारा आणि कृत्रिम द्रव्याचे शिखर असा मेळ घातला. खर्च आटोक्यात आला, वास अधिक ठसठशीत झाला आणि तो टिकूही लागला. आपल्याकडील पारंपरिक अत्तरात चंदनाच्या तेलात फुलाचा गंध उतरवितात, त्याचा एखादा थेंब पुरतो. फ्रेंच परफ्यूममध्ये मात्र अनेक द्रव्यांचे मिश्रण मद्यार्कात विरघळविलेले असते. त्यामुळे त्यातील गंध एकामागून एक उलगडत जातात, आणि ही उलगड कशी व्हावी हे ठरविणे हेच सुगंधकाराचे खरे काम असते.

== फुटलेली बाटली ==

१९०४ मध्ये कोती यांनी ‘ला रोझ जाकमिनो’ हे पहिले यशस्वी परफ्यूम तयार केले. जनरल जाकमिनो या नावाने प्रसिद्ध असलेल्या गर्द लाल गुलाबावरून हे नाव घेतले होते. बाटली बाकारा या ख्यातनाम काचकारखान्याची होती. दुकानदार मात्र या अनोळखी माणसाला दारात उभे करीत नव्हते. पॅरिसमधील ‘ग्रां मागासँ द्यु लूव्र’ या भव्य दुकानातूनही नकार मिळाला. कथा अशी सांगितली जाते की, तेथे कोती यांच्या हातून बाटली गल्ल्यावर फुटली, दुकानभर सुवास पसरला आणि तो कोणता याची चौकशी करीत गिऱ्हाइके धावून आली. व्यवस्थापकाला आपला नकार मागे घ्यावा लागला. बाटली चुकून फुटली की कोती यांनी ती मुद्दाम फोडली, आणि गर्दीतल्या काही स्त्रिया आधीच ठरवून आणलेल्या होत्या काय, यावर पुढे बरेच तर्क लढविले गेले. कथेला दंतकथेचे रूप आले आहे हे उघड आहे. परंतु वास दाखविल्याखेरीज परफ्यूम विकले जात नाही, हे त्या व्यापाऱ्याने पुरते ओळखले होते याची साक्ष ती देते.

पाठोपाठ १९०५ मध्ये ‘लोरिगां’ बाजारात आले. लवंगेची आठवण करून देणारे कार्नेशन, संत्र्याचा मोहोर, व्हायोलेट आणि तळाशी व्हॅनिला अशी त्याची रचना होती. पूर्वीची परफ्यूम बहुधा एखाद्या फुलाची हुबेहूब नक्कल करीत. ‘लोरिगां’ कोणत्याच एका फुलासारखे नव्हते. गेर्लँ यांच्या १९१२ मधील ‘लर ब्लू’ या प्रसिद्ध परफ्यूमवर त्याचा प्रभाव असल्याचे जाणकार मानतात.

== रने लालीक आणि बाटलीची कला ==

शोभिवंत बाटल्या कोती यांच्यापूर्वीही होत्या. सम्राज्ञी युजेनीसाठी गेर्लँ यांनी १८५३ मध्ये तयार केलेल्या सुगंधी पाण्याची मधमाश्यांच्या नक्षीची बाटली प्रसिद्धच आहे. पण अशा वस्तू राजघराण्यांसाठी असत. सामान्यतः परफ्यूम औषधाच्या बाटलीसारख्या साध्या बाटलीत मिळे आणि श्रीमंत घरातील स्त्रिया घरी नेऊन ते आपल्या स्फटिकाच्या किंवा चांदीच्या कुपीत ओतून घेत. दुकानातील मांडणीवर एका कंपनीची बाटली दुसरीपासून वेगळी ओळखणे कठीण होते.

पॅरिसच्या प्लास वांदोम या उच्चभ्रू चौकात कोती यांचे दुकान २३ क्रमांकाच्या इमारतीत होते. शेजारीच, २४ क्रमांकाच्या जागेत, रने लालीक (१८६०–१९४५) यांचे दुकान होते. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात आपल्या दागिन्यांनी लोकांचे डोळे दिपविणारे लालीक तोवर काचकामाकडे वळू लागले होते. कोती यांनी त्यांच्याकडे प्रथम बाटल्यांवरील लेबलांचे काम सोपविले, असे सांगितले जाते. ‘लेफ्लर’ या परफ्यूमच्या बाटलीवर फुलाच्या पाकळ्यांतून वर उठणाऱ्या स्त्रीची आकृती असलेली काचेची पट्टी बसविलेली होती. लेबलापासून सुरू झालेले हे काम लवकरच संपूर्ण बाटलीपर्यंत पोहोचले.

लालीक यांची खरी करामत तंत्रात होती. सोनारकामात ते प्रत्येक नग स्वतंत्र घडवीत. बाटलीसाठी त्यांनी पूर्ण स्फटिकाऐवजी शिशाचे प्रमाण कमी असलेली, स्वस्त आणि साच्यात सहज बसणारी काच घेतली. धातूच्या साच्यात काच फुंकून किंवा दाबून एकच नक्षी शेकडो वेळा काढता येऊ लागली. नंतर आम्लाच्या प्रक्रियेने काचेला दुधाळ, धुरकट पोत दिला जाई आणि खोलगट भागांत तपकिरी, निळसर किंवा हिरवट छटा भरली जाई, त्यामुळे उठावाचे काम जुन्या हस्तिदंतासारखे दिसे. काचेचे बूच प्रत्येक बाटलीच्या तोंडाला घासून बसवावे लागे, कारण मद्यार्क किंचितशा फटीतूनही उडून जातो. ‘आंब्र आंतिक’च्या बाटलीवरील लांब वस्त्रे ल्यालेल्या ग्रीक वळणाच्या स्त्रिया, ‘सिक्लामें’वरील चतुराच्या पंखांच्या पऱ्या ही या सहकार्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. मागणी एवढी वाढली की लालीक यांना स्वतःची भट्टी हवी झाली. त्यांनी १९०९ मध्ये पॅरिसजवळील कोंब-ला-व्हील येथील काचकारखाना भाड्याने घेतला आणि १९१३ मध्ये तो विकत घेतला. जवाहिऱ्याचा काचकार झाला, त्यात अत्तरवाल्याच्या मागणीचा वाटा फार मोठा आहे. कलेच्या इतिहासात लालीक यांचे नाव आदराने घेतले जाते आणि कोती यांचा उल्लेख गिऱ्हाईक म्हणून येतो. हे काहीसे अन्यायाचे वाटते, कारण उत्तम कलाकृती हजारोंच्या संख्येने काढता येईल हा विश्वास प्रथम गिऱ्हाइकाचा होता.

न्यू यॉर्कमधील फिफ्थ अव्हेन्यूवरील ७१४ क्रमांकाच्या इमारतीसाठीही कोती यांनी लालीक यांच्याकडून उंच काचेच्या खिडक्या करवून घेतल्या. वेलींची नक्षी असलेल्या या खिडक्या पुढे धुळीखाली विस्मृतीत गेल्या होत्या. १९८० च्या दशकात त्यांची ओळख पटल्यामुळे इमारतीचा दर्शनी भाग पाडकामातून वाचला.

== उद्योगाचा विस्तार ==

व्यवसाय वाढल्यावर कोती यांनी पॅरिसच्या पश्चिमेला, सेन नदीकाठी सुरेन येथे मोठा कारखाना उभारला. तो ‘सुगंधांची नगरी’ या नावाने ओळखला जाई. अर्क, बाटल्या, खोके, लेबले यांपैकी शक्य तितके आपल्याच नियंत्रणाखाली तयार करण्यावर त्यांचा भर होता. मध्यस्थ कमी झाल्याने किंमत उतरविता येई. मोठ्या बाटलीबरोबरच तेच परफ्यूम लहान बाटलीतही उपलब्ध असे, म्हणजे जिची ऐपत कमी तिलाही तोच वास आणि तेच नाव मिळे. एकाच सुगंधाचे परफ्यूम, पावडर, साबण आणि इतर प्रसाधने एका पेटीत मांडून भेटवस्तू म्हणून विकण्याची पद्धतही त्यांनी रूढ केली. पावडरीचा खप तर परफ्यूमच्याही पुढे गेला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, ‘शीप्र’ हे परफ्यूम आले. सायप्रस बेटाच्या फ्रेंच नावावरून ते ठेवले होते. वर बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा तजेला, मध्ये जाई व गुलाब आणि तळाशी लॅबडॅनमची राळ व ओकच्या झाडावर वाढणारे दगडफूल असा त्याचा बांधा होता. मराठी घरातील मसाल्यात पडणारे दगडफूल ज्या वर्गातील, त्याच वर्गातील ही युरोपीय वनस्पती; ओल्या रानाचा, मातकट वास तिला असतो. ‘शीप्र’ नावाची परफ्यूम यापूर्वीही होती, पण कोती यांची रचना इतकी प्रभावी ठरली की आज सुगंधांच्या एका संपूर्ण कुळालाच ‘शीप्र’ म्हणतात. १९१९ मधील गेर्लँ यांचे ‘मित्सुको’ याच कुळातील होय. पुढे ‘एमरोद’ (१९२१) आणि ‘लेमां’ (१९२७) ही परफ्यूमही गाजली.

युद्ध संपल्यावर फ्रान्समधून मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी बायकोसाठी, आईसाठी कोतीची बाटली नेली. त्यातून अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली आणि १९२० च्या दशकात कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग तेथूनच येऊ लागला.

== वैभव ==

कोती स्वभावाने संकोची होते. गर्दी त्यांना सोसत नसे. घरे बांधण्याची हौस मात्र दांडगी होती. तुरेन प्रांतातील शातो दार्तिन्यी ही वास्तू त्यांनी १९१२ मध्ये घेतली आणि अठराव्या शतकाच्या शैलीत जवळजवळ नव्याने बांधून काढली. हे काम १९२९ पर्यंत चालू राहिले. लूवसिएन येथे पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यु बारी हिच्यासाठी वास्तुशिल्पी लदू यांनी बांधलेला मंडप त्यांनी १९२० च्या दशकात विकत घेतला. उतारावरील जमीन खचत असल्यामुळे तो मूळ जागेपासून थोडा मागे सरकवून पुन्हा उभारण्यात आला. वैमानिक कोस्त आणि बेलोंत यांनी १ व २ सप्टेंबर १९३० रोजी ‘प्रश्नचिन्ह’ असे नाव असलेल्या विमानातून पॅरिस ते न्यू यॉर्क असे न थांबता उड्डाण केले. त्या मोहिमेलाही कोती यांचे अर्थसाहाय्य होते.

== वृत्तपत्रे आणि राजकारण ==

१९२२ मध्ये कोती यांनी ‘ल फिगारो’ हे जुने व प्रतिष्ठित दैनिक विकत घेतले. १९२३ मध्ये ते कॉर्सिकातून सिनेटवर निवडून आले, परंतु निवडणुकीतील गैरप्रकारांमुळे ती निवड रद्द ठरली. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला असावा. संसदीय राजकारणाविषयीची त्यांची चीड पुढील काळात वाढतच गेली.

मे १९२८ मध्ये त्यांनी ‘लामी द्यु पप्ल’, म्हणजे ‘लोकमित्र’, हे दैनिक काढले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मारा याने चालविलेल्या पत्राचेच हे नाव. इतर दैनिकांची किंमत २५ सांतिम असताना याची किंमत १० सांतिम ठेवली होती. वृत्तसंस्था आणि वितरक यांनी बहिष्कार घातला, तेव्हा कोती यांनी न्यायालयात धाव घेतली आणि स्वतःची वितरणव्यवस्था उभी केली. खप लाखोंच्या घरात गेला. परफ्यूमच्या धंद्यातले त्यांचे सूत्र, चांगल्या दिसणाऱ्या वस्तूची किंमत उतरवून ती घराघरांत पोहोचविणे, येथे जसेच्या तसे वापरलेले दिसते. फरक मालात होता. कम्युनिस्ट, परदेशी बँकवाले आणि ज्यू हे फ्रान्सचे शत्रू आहेत असे हे पत्र वाचकांच्या मनावर दररोज बिंबवीत असे. स्वस्त किमतीमुळे हे लिखाण कामगारवस्त्यांपर्यंत पोहोचत होते.

कोती यांनी मुसोलिनीविषयीचे आपले कौतुक लपविले नाही. फ्रान्समधील फॅसिस्ट वळणाच्या संघटनांना त्यांनी पैसा पुरविला आणि १९३३ मध्ये ‘सोलिदारिते फ्रांसेझ’ ही स्वतःची संघटना स्थापन केली. निळा सदरा आणि बेरे टोपी हा तिच्या कार्यकर्त्यांचा गणवेश होता. ६ फेब्रुवारी १९३४ रोजी पॅरिसमध्ये संसदेबाहेर झालेल्या रक्तरंजित दंगलीत ही संघटना सामील होती. काही चरित्रात्मक लेखनात या कालखंडाला श्रीमंताचा विक्षिप्तपणा म्हणून बाजूला सारले जाते. ते योग्य नाही. त्या दशकाच्या अखेरीस आणि जर्मन ताब्याच्या वर्षांत फ्रान्समधील ज्यूंवर जे ओढवले, त्याला अनुकूल वातावरण तयार करणाऱ्यांत या पत्राचा समावेश करावा लागतो.

१९३१ मध्ये ते जन्मगाव आजाक्सियोचे महापौर झाले. मृत्यूपर्यंत हे पद त्यांच्याकडे होते.

== ऱ्हास आणि मृत्यू ==

संसार याआधीच मोडला होता. १९२९ मध्ये इव्हॉन यांच्याशी घटस्फोट झाला. ठरलेली प्रचंड रक्कम हप्त्यांनी द्यायची होती. त्याच वर्षी न्यू यॉर्कचा शेअर बाजार कोसळला, महामंदी सुरू झाली आणि चैनीच्या वस्तूंचा खप घटला. तोट्यात चालणारी दैनिके दुसरीकडून पैसा गिळत होती. कोती यांना अखेरचा हप्ता भरता आला नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि संपत्तीचा मोठा भाग, ‘ल फिगारो’सह, इव्हॉन यांच्याकडे गेला. त्यांनी तोवर लेओं कोतनारेआनु यांच्याशी पुनर्विवाह केला होता.

२५ जुलै १९३४ रोजी लूवसिएन येथील मंडपात, वयाच्या साठाव्या वर्षी, न्यूमोनिया आणि रक्तवाहिनीच्या विकारामुळे कोती यांचे निधन झाले.

== पश्चात ==

कोती कंपनी कुटुंबीयांनी १९६३ मध्ये फायझर या अमेरिकन औषधकंपनीला विकली. १९९२ मध्ये ती बेंकिझर या जर्मन उद्योगसमूहाकडे गेली. जगातील मोठ्या सौंदर्यप्रसाधन कंपन्यांपैकी ती एक आहे. अमेरिकेत फॅशनच्या क्षेत्रातील कोती पुरस्कार १९४३ ते १९८४ या काळात दिले जात. आजाक्सियोच्या फुटबॉल मैदानाला अनेक दशके कोती यांचे नाव होते. शातो दार्तिन्यी येथे सध्या हॉटेल आहे.

लालीक यांनी कोतीसाठी केलेल्या बाटल्या संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत आढळतात. लालीक यांनी १९२१ मध्ये अल्सास प्रांतातील विंजेन-सुर-मोदेर येथे काचकारखाना उभारला होता. त्याच गावी २०११ मध्ये लालीक संग्रहालय सुरू झाले. परफ्यूमचे तसे नाही. बाटली शाबूत राहिली तरी आतील द्रव उडून जातो किंवा बिघडतो आणि तळाशी तपकिरी डाग उरतो. ‘शीप्र’ आणि ‘ला रोझ जाकमिनो’ ही परफ्यूम मूळ स्वरूपात विक्रीला नाहीत. १९९० मध्ये व्हर्साय येथे स्थापन झालेल्या ‘ओस्मोतेक’ या सुगंधांच्या अभिलेखागारात ती जुन्या सूत्रांनुसार पुन्हा तयार करून थंड, अंधाऱ्या तळघरात जतन केली आहेत. तेथील व्याख्यानांच्या वेळी कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून श्रोत्यांना त्यांचा वास घेता येतो.